नियमावलीत सासू नाही

गाडीचं लायसन्स देणाऱ्या कचेरीत तो अकरा वर्षं परीक्षक होता आणि सगळे त्याला फूटपट्टी म्हणत. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण त्याला ते माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं. त्याने स्वतःच्या चुलतभावाला नापास केलं होतं. शाळेतल्या गणिताच्या मास्तरांना केलं होतं. ज्या डॉक्टरांनी त्याचं अपेंडिक्स काढलं, त्यांना तर दोनदा. "टाके छान घातले होते तुम्ही," तो त्यांना म्हणाला होता, "पण वळताना आरशात बघत नाही."

परीक्षेला आलेल्या माणसाकडून तो पाण्याचा घोटही घेत नसे. एकदा धो धो पावसात मैदानाच्या पार टोकाला गाडी बंद पडली, तेव्हा परीक्षा देणाऱ्या बाईंनी त्याच्यावर छत्री धरली. "छत्री हा लाभ झाला," असं म्हणून तो छत्रीच्या बाहेर सरकला आणि त्यांच्या शेजारून भिजत चालत आला. पुढे आठवडाभर शिंकत होता. शिंकतानाही त्याला बरं वाटत होतं.

एका रविवारी दुपारी तो बायकोबरोबर तिच्या माहेरी जेवायला गेला होता. जेवणं झाल्यावर सासूबाईंनी ताट बाजूला सारलं आणि जाहीर केलं, "मी गाडी शिकणार आहे."

सासऱ्यांच्या हातातून चमचा पडला. त्यांनी आधी चमचा उचलला, मग टेबलाला चरा गेला नाही ना हे हात फिरवून बघितलं, आणि मग विचारलं, "कुठली गाडी?"

"आपल्याकडे किती आहेत?"

एकच होती. सासऱ्यांनी जन्मभर लाकडी सामानाला पॉलिश करण्याचा धंदा केला होता, त्यामुळे चरा हा शब्द त्यांच्या घरात हळू आवाजात उच्चारला जाई. एकोणीस वर्षांच्या त्या गाडीच्या सीटवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं. सासरे ती इतकी हळू चालवत की एकदा सासूबाई वाटेत उतरल्या, केळी घेतली आणि चालत्या गाडीत परत येऊन बसल्या. केळी निवडूनसुद्धा घेतली होती.

"या वयात?" सासरे म्हणाले.

"चौसष्ट म्हणजे काय वय आहे? मला स्वतःच्या हाताने कुठेतरी जायचंय. तुमच्याबरोबर गेलं की परत येईपर्यंत ऋतू बदलतो."

सासूबाई तीस वर्षं इस्पितळात बाळंतपणाच्या विभागात नर्स होत्या. नंतर प्रमुख नर्स. ज्या बाईने तीस वर्षं बायकांना आणि डॉक्टरांना सारख्याच आवाजात गप्प बसवलं, तिला सासऱ्यांसारखा मऊ माणूस काय अडवणार? दुसऱ्याच दिवशी त्यांनी शिकवणीत नाव घातलं. तीन महिन्यांनी शिकवणारीने सांगितलं, आता परीक्षेला बसायला हरकत नाही.

त्यांचा अर्ज फूटपट्टीच्याच टेबलावर आला.

तो सरळ साहेबांच्या खोलीत गेला. "साहेब, माझ्या सासूबाईंचा अर्ज आलाय. ही परीक्षा दुसऱ्या कुणीतरी घ्यावी."

दुसरा परीक्षक एकच होता आणि तो घरचा पंखा पुसताना शिडीवरून पडून पाय मोडून बसला होता. साहेबांनी खणातून नियमावली काढली, चष्मा लावला आणि ओळीवर बोट ठेवत वाचलं, "जवळच्या नातेवाइकांची परीक्षा घेऊ नये. पती, पत्नी, आई, वडील, मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण. संपलं."

"आणि सासू?"

"नियमावलीत सासू नाही."

"चुकून राहिली असेल, साहेब."

"सासू चुकून राहत नाही," साहेब म्हणाले. त्यांना स्वतःला एक होती. "लिहिणाऱ्याने नीट विचार करूनच वगळली असणार. सासूच्या बाबतीत कुणी पक्षपात करेल, असं त्याला वाटलंच नसेल. घ्या तुम्हीच. तुमच्यावर आमचा विश्वास आहे."

घरी बायकोने चहाचा कप हातात देत विषय काढला. "अहो, परवा आईची परीक्षा आहे."

"माहीत आहे."

"खोटं करा असं मी अजिबात म्हणत नाही हं. फक्त खरं करताना जरा आपल्या बाजूने करा."

"खऱ्याला बाजू नसते."

"असते. तुम्ही नेहमी पलीकडच्या बाजूला उभे असता म्हणून तुम्हाला दिसत नाही."

संध्याकाळी सासऱ्यांचा फोन आला. एक खुर्ची दाखवायची आहे, येऊन जा. तो गेला. मागच्या पडवीत पॉलिशच्या डब्यांमध्ये सासरे उभे होते. त्यांनी आधी दार लोटून घेतलं.

"जावईबापू, तुम्ही प्रामाणिक माणूस आहात. म्हणूनच मोकळेपणाने सांगतो. तिला नापास करा."

"बाबा! हे चुकीचं आहे."

"पास करा असं सांगितलं असतं तर चुकीचं. नापास करा म्हणण्यात काय चूक आहे? त्यात कुणाचा फायदा आहे का?"

"तुमचा आहे."

"माझा नाही. गाडीचा आहे," सासरे म्हणाले आणि त्यांचे डोळे खरोखरच पाणावले. मग त्यांनी कोपऱ्यातली खुर्ची पुढे ओढली. हातांवर कोरीव वेल असलेली, आरशासारखी चकाकणारी. "ही तुमच्या हॉलमध्ये छान दिसेल."

फूटपट्टीने हात मागे बांधले. खुर्ची फारच सुंदर होती. "बाबा, मी पासही करणार नाही आणि नापासही करणार नाही. गाडी जे करेल ते होईल."

"तिच्या हातात गाडी काय करेल, याचीच तर भीती आहे," सासरे म्हणाले.

परीक्षेच्या दिवशी सासूबाई कडक इस्त्रीचे कपडे घालून, केस घट्ट बांधून, वेळेआधी वीस मिनिटं हजर होत्या. शिकवणीची गाडी मैदानात उभी होती. या गाडीत परीक्षकाच्या पायाशीही एक ब्रेक असतो. फूटपट्टीने आत बसून कागद मांडीवर घेतला आणि दर वेळी विचारतो तसं विचारलं, "नाव?"

"जावईबापू, माझं नाव विसरलात?"

"इथे मी जावई नाही. परीक्षक आहे."

"बरं बाई. लिहून घ्या, परीक्षकबापू."

त्या पहिल्या परीक्षेबद्दल फार सांगण्यासारखं नाही. मैदानात रबरी शंकू मांडलेले असतात, त्यांच्यामधून गाडी नागमोडी न्यायची असते. सासूबाईंनी तीन शंकू आडवे केले. तिसऱ्यानंतर त्या गाडी थांबवून खाली उतरल्या, त्याला उभं केलं, सगळीकडून तपासलं आणि परत येऊन बसल्या. "काही झालेलं नाही त्याला," त्या म्हणाल्या. "घाबरलाय थोडा."

नापास. यात कुणालाच शंका नव्हती, सासूबाईंनाही नाही. "योग्य केलंत," त्या म्हणाल्या आणि पुढच्या रविवारी केकचा सगळ्यात मोठा तुकडा त्यांनी त्याच्याच ताटलीत वाढला. सासरे गाडी पुसताना शीळ घालत होते.

दुसरी परीक्षा महिन्याने झाली आणि ती मात्र नीट सांगितली पाहिजे.

त्या दिवशी सासूबाईंच्या आधी एका बेकरीवाल्याचा नंबर होता. दाढीवाला, गोल, घामाघूम झालेला माणूस. गाडी बरी चालवली. मैदानाच्या शेवटी एक पांढरी रेघ आहे, तिच्या अलीकडे गाडी थांबवायची असते. बेकरीवाल्याचं पुढचं चाक रेघेवर आलं. जेमतेम चार बोटं. फूटपट्टीने खाली वाकून बघितलं, बेकरीवाल्याच्या थरथरणाऱ्या दाढीकडे बघितलं आणि म्हणाला, "पुढच्या वेळी सांभाळा." पास.

मग सासूबाई बसल्या. शंकूंमधून गाडी अशी नेली की एकालाही वारा लागला नाही. उलटी नेऊन दोन खांबांच्या मध्ये लावली, तीही एका झटक्यात. मग चढ आला. चढावर गाडी थांबवायची आणि मागे न घसरता परत पुढे न्यायची, इथे भल्याभल्यांचं तोंडचं पाणी पळतं. सासूबाईंनी हँडब्रेक ओढला, पुढे झुकल्या आणि गाडीशी बोलायला लागल्या.

"घाबरायचं नाही. श्वास घे. सोड. अजून नाही, अजून नाही, उगाच जोर लावू नकोस. दम धर... दम धर... हं, आता! शाब्बास! आलं, आलं, आलं!"

गाडी अलगद वर आली. फूटपट्टीने स्वतःच दोन्ही हातांनी सीट घट्ट धरली होती आणि त्याच्याही कपाळावर घाम आला होता. कुणाचं तरी अभिनंदन करावं असं त्याला वाटलं.

शेवटी पांढरी रेघ. गाडी थांबली. फूटपट्टीने खाली वाकून बघितलं. पुढचं चाक रेघेवर होतं. जेमतेम.

तो बराच वेळ वाकूनच राहिला. त्या वेळी त्याच्या डोळ्यांसमोर रेघ नव्हती. कचेरीच्या पायरीवर उभा असलेला शिपाई होता. खिडकीतून बघणारे साहेब होते. उद्या लोक म्हणतील, बघा, सासूला सोडलं. फूटपट्टी वाकली. तो सरळ झाला आणि म्हणाला, "रेघ ओलांडलीत. नापास."

सासूबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. "रेघ म्हणजे रेघ," एवढंच म्हणून त्या उतरल्या.

कचेरीत तो हिरो झाला. स्वतःच्या सासूला दोनदा! शिपायाने त्याला सलाम ठोकला. साहेबांनी सगळ्यांसमोर त्याचं उदाहरण दिलं. त्याला तीन दिवस चालताना जमीन लागली नाही.

घरी मात्र बायकोने एक तक्ता करून फ्रिजवर लावला होता. त्यात रोज रात्रीच्या जेवणाआधी ती खुणा करी. "ओला टॉवेल: पलंगावर. नापास." "बूट: दारातल्या पायपुसण्याबाहेर दोन बोटं. नापास." "घोरणे: नापास. पुन्हा अर्ज करावा."

"हा कसला पोरखेळ!" तो म्हणाला.

"आवाज चढवला," असं म्हणत तिने आणखी एक खूण केली.

चौथ्या दिवशी सकाळी खिडकीवरच्या बाईंनी त्याला हाक मारली. या बाई परीक्षेचे कागद नोंदवहीत उतरवायचं काम करत. वर्षानुवर्षं त्याचंच अक्षर वाचून त्यांना चष्मा लागला होता. त्यांनी दोन कागद काचेखालून सरकवले.

"जरा हे बघा. सतराव्या रकान्यात. बेकरीवाल्याच्या कागदावर तुम्ही लिहिलंय, 'चाक रेघेवर चार बोटं. किंचित. दुर्लक्ष.' आणि सासूबाईंच्या कागदावर लिहिलंय, 'चाक रेघेवर चार बोटं. उल्लंघन.' मला एवढंच विचारायचं होतं, यातली कुठली चार बोटं मोठी होती?"

फूटपट्टीने कागद बघितले. अक्षर त्याचंच होतं. एकाच दिवशीचं, अर्ध्या तासाच्या अंतराचं. त्याला वाटलं, खुर्चीवर बसावं. जवळ खुर्ची नव्हती.

"तुम्हाला काय वाटतं?" त्याने विचारलं.

"मला विचाराल तर दोघंही पास. चार बोटांनी कुणाचं काय बिघडतंय?"

तो साहेबांकडे गेला. साहेबांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि म्हणाले, "दोघंही नापास. सरळ आहे."

जेवायच्या सुट्टीत त्याने बायकोला फोन लावून सगळं सांगितलं. ती क्षणभरही थांबली नाही. "आई पास. बेकरीवाला नापास. तो आपला कोण लागतो?"

राहिले सासरे. त्यांना विचारायची काही गरज नव्हती, पण त्याला राहवलं नाही. "हे बघा," सासरे गंभीरपणे म्हणाले, "तुमचा निकाल अगदी बरोबर आहे. बेकरीवाला पास, ती नापास. बेकरीवाला माझ्या गाडीला थोडाच हात लावणार आहे?"

दोन माणसं आणि दोन निकाल. त्यातून जेवढे म्हणून प्रकार निघू शकतात, तेवढे सगळे निघाले होते आणि प्रत्येकाला आपला प्रकार उन्हासारखा लख्ख दिसत होता. फूटपट्टी दुपारभर मैदानात त्या रेघेपाशी उकिडवा बसून होता. शिपायाला वाटलं, त्याचं काहीतरी हरवलंय. त्याने येऊन विचारलं, "काय शोधताय, साहेब? मदत करू?"

विचार करता करता एक गोष्ट फूटपट्टीच्या लक्षात आली आणि ती काही सुखाची नव्हती. त्याने सासूबाईंना रेघेसाठी नापास केलंच नव्हतं. त्याने त्यांना शिपायाच्या सलामासाठी नापास केलं होतं. खुर्ची घेतली नाही, छत्री घेतली नाही, आणि सलाम मात्र खिशात घालून घरी आला.

कचेरी सुटल्यावर तो बायकोला न सांगता सासुरवाडीला गेला. सासूबाई ओट्यापाशी उभ्या राहून एक पातेलं घासत होत्या. पातेल्याचं आता फारच थोडं उरलं असावं, इतक्या जोरात.

"आई, मला काहीतरी सांगायचंय."

"बसा. बूट बाहेर काढलेत ना? सध्या तुमच्या घरी त्याचे गुण कापतात असं ऐकलं."

तो बसला आणि एका दमात सगळं सांगितलं. बेकरीवाला, चार बोटं, शिपाई, सलाम. सांगून झाल्यावर मान खाली घालून बसला. सासूबाईंनी पातेलं पालथं ठेवलं.

"तीन," त्या म्हणाल्या.

"काय तीन?"

"तीन बोटं होती. चार नाही. उतरल्यावर मी बघितलं. जावईबापू, बोटांचं माप मला शिकवू नका. तीस वर्षं मी दुसरं काही केलेलं नाही. पिशवीचं तोंड किती बोटं उघडलंय यावर मी डॉक्टरांना झोपेतून उठवायचं की नाही ते ठरवत होते. एकदाही चुकले नाही."

फूटपट्टीने मान वर केली. "मग तेव्हाच का नाही बोललात?"

"परीक्षकाशी वाद घालू नये. माझ्या विभागात कुणी घातला असता तर मला चाललं नसतं." त्यांनी हात पुसले आणि समोर येऊन बसल्या. "आणि दुसरं म्हणजे मला बघायचं होतं, तुम्हाला कधी कळतंय ते. चार दिवस लागले. मला वाटलं होतं महिना लागेल."

"मी उद्या साहेबांना सांगून निकाल बदलून घेतो."

"खबरदार! असलं मागच्या दाराने आलेलं लायसन्स मी पर्समध्ये ठेवणार नाही. परत परीक्षा घ्या. फक्त या वेळी त्या बेकरीवाल्याकडे जसं बघितलंत तसं माझ्याकडे बघा."

"म्हणजे परकं समजून?"

"हो. परक्याशी तुम्ही फार छान वागता," सासूबाई म्हणाल्या. "तो बिचारा घाबरलाय हे तुम्हाला दिसलं. त्याची दाढी थरथरत होती तीसुद्धा दिसली. मी घाबरले होते का, ते माहीत आहे तुम्हाला?"

त्याला माहीत नव्हतं. त्याने त्यांच्याकडे बघितलंच नव्हतं. "घाबरला होतात?" त्याने विचारलं.

"आता कशाला सांगू?" सासूबाई म्हणाल्या आणि चहा टाकायला उठल्या. चहा झाला तेव्हा त्याने तो घेतला. परीक्षा देणाऱ्या माणसाच्या घरचा चहा! कप रिकामा करूनच त्याने खाली ठेवला.

हे सगळं सासऱ्यांनी पलीकडच्या खोलीतून ऐकलं होतं. तिसरी परीक्षा होणार आणि या वेळी जावयाचा काही भरवसा नाही, हे त्यांना पुरतं कळून चुकलं. आता जे करायचं ते आपणच.

तिसऱ्या परीक्षेत मैदानातलं सगळं बिनचूक झालं. रेघेच्या अलीकडे गाडी थांबली तेव्हा सासूबाईंनी तिरक्या नजरेने त्याच्याकडे बघितलं आणि त्याने खाली न वाकताच मान हलवली. मैदान झालं की गाडी रस्त्यावर न्यायची असते. कचेरीच्या फाटकातून बाहेर, टपाल कार्यालयाला वळसा आणि परत.

टपाल कार्यालयाच्या कोपऱ्यावर एक माणूस उभा होता. डोक्यावर बायकी रुंद टोपी, डोळ्यांवर मोठा काळा चष्मा आणि दोन्ही हातांत एक गुळगुळीत, चकाकणारं लाकडी स्टूल. गाडी जवळ आली तसा तो माणूस स्टूल घेऊन सरळ रस्त्यात उतरला.

फूटपट्टीचा पाय स्वतःच्या ब्रेककडे गेला. तो पोचायच्या आधीच गाडी थांबली होती. झटका नाही, किंकाळी नाही. स्टुलापासून चांगली दोन हात लांब. मागची सायकलसुद्धा आरामात थांबली.

सासूबाईंनी काच खाली केली. "अहो, माझी टोपी आहे ती."

टोपीतला माणूस हलला नाही. "तुम्ही कोण, बाई?" तो बारीक आवाजात म्हणाला.

"कोण ते घरी आल्यावर सांगते. गॅस बंद करून आलात का?"

माणूस विचारात पडला. मग स्टूल छातीशी धरून तो घराच्या दिशेने पळत सुटला. टोपी उडाली तीही त्याने उचलली नाही.

फूटपट्टीने कागदाकडे बघितलं. एकविसावा रकाना होता, 'वाहन चालवताना ओळखीच्या व्यक्तीशी संभाषण.' त्याने पेन टेकवलं. मग डोळे मिटून कल्पना केली की ही बाई आपली कुणी नाही आणि रस्त्यातला तो वेडाही आपला कुणी नाही. हे दुसरं जरा सोपं गेलं. मग त्याने लिहिलं, "वाहन पूर्ण थांबवून विचारपूस. सुरक्षेच्या दृष्टीने आवश्यक. दुर्लक्ष." आणि खाली लिहिलं, पास.

"घाबरला होतात?" त्याने विचारलं.

"भयंकर," सासूबाई म्हणाल्या. "गॅसचं खरंच काही सांगता येत नाही."

सासऱ्यांना या प्रकाराची जराही लाज वाटली नाही. उलट संध्याकाळी ते सगळ्यांना सांगत होते, "मी रस्त्यात उतरलो म्हणून हिचा ब्रेक दिसला. नाहीतर परीक्षकाला कळलं कसं असतं? त्या लायसन्समध्ये अर्धा वाटा माझा आहे." गॅस बंदच होता.

कचेरीत मात्र हवा पालटली. शेवटी सासूला पास केलंच, असं दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळीकडे पसरलं होतं. शिपाई सलाम ठोकायचा थांबला. एक गृहस्थ अर्जाबरोबर आपण फूटपट्टीच्या मावसभावाच्या शेजारी राहतो असं पत्र जोडून घेऊन आले. दुसऱ्या एका बाईंनी विचारलं, "तुम्ही मोठ्या वयाच्या बायकांना तिसऱ्या वेळी पास करता म्हणे. मग पहिल्या दोनदा न येता चालेल का?"

त्याने ते सगळं ऐकून घेतलं. मग स्वतःच एक पत्र लिहून साहेबांकडे नेलं. दुसऱ्या परीक्षेत आपण लोक काय म्हणतील या भीतीने एका उमेदवाराला विनाकारण नापास केलं, असं त्यात लिहिलं होतं. साहेबांनी ते दोनदा वाचलं.

"याचं मी काय करू?" साहेब म्हणाले. "नात्यातल्या माणसाला पास केल्याची तक्रार असती तर तिची फाईल आहे. लाल. नात्यातल्या माणसाला नापास केल्याची फाईलच नाही आपल्याकडे."

"मग नवी काढा, साहेब."

"एका पत्रासाठी?" साहेबांनी त्याच्याकडे, मग खिडकीबाहेर बघितलं. मग अवघडून म्हणाले, "माझ्या भावाचा एक अर्ज मी सहा वर्षांपूर्वी परत पाठवला होता. सहीची शाई निळी होती म्हणून. बाकीच्यांची चालते." मग त्यांनी घंटी वाजवून शिपायाला एक रिकामी फाईल आणायला सांगितली.

फूटपट्टीला त्यानंतर काम करायला जास्त वेळ लागू लागला. परीक्षा संपली की तो लगेच निकाल लिहीत नाही. मिनिटभर गाडीतच बसून राहतो आणि शेजारच्या माणसाकडे नीट बघतो. लोकांना त्याची इतकी धास्ती वाटते की एकाने न विचारताच लहानपणी शाळेतली घंटा चोरल्याचं कबूल केलं. रांग फाटकापर्यंत जाते. नापास तो अजूनही भरपूर जणांना करतो.

त्या वसंतात एका रविवारी सासूबाईंनी सगळ्यांना गाडीत घालून नदीकाठी नेलं. फूटपट्टी पुढे बसला होता, बायको आणि सासरे मागे. सासऱ्यांनी निघतानाच डोळे घट्ट मिटून घेतले होते आणि दाराची कडी दोन्ही हातांनी धरली होती. मोकळा रस्ता लागला तसा सासूबाईंनी वेग वाढवला.

"बेकरीवाला नापासच व्हायला हवा होता," बायको मागून म्हणाली. तिने हा विषय अजून सोडलेला नव्हता.

"का? त्याची आई नाही का कुठे? तिलाही वाटत असेल," फूटपट्टी म्हणाला.

"तिचं ती बघेल."

"तुम्ही दोघं भांडू नका, मला वळायचंय," सासूबाई म्हणाल्या. "आणि पाव घ्यायला मी त्याच्याकडेच जाते. माणूस चांगला आहे. गाडी मात्र भिकार चालवतो."

"म्हणजे तो नापासच!"

"तसं मी कुठे म्हटलं?"

वाद रंगला. पूल गेला, झाडं गेली, दोघीही एकाच वेळी बोलत होत्या आणि फूटपट्टी दोघींनाही उत्तरं देत होता. बऱ्याच वेळाने त्याच्या लक्षात आलं की चौथा आवाज येत नाहीये. त्याने वळून बघितलं. सासऱ्यांचे हात कडीवरून सुटून मांडीवर पडले होते, तोंड उघडं होतं आणि त्या एवढ्या वेगात, खिडकीला डोकं टेकून, ते गाढ झोपले होते.